वस्तादांच्या लेकीचं यंत्र

वस्तादांनी मूठभर गहू यंत्राच्या डब्यात ओतला आणि छाती काढून मालकांकडे पाहिलं. यंत्र क्षणभर घुमलं. लाल दिवा लागला.

"खराब?" मालक हसले. "वस्ताद, हे पोतं तर तुम्हीच सकाळी पास केलंत."

दुसऱ्या पोत्याचा गहू, लाल. तिसऱ्याचाही लाल. हमाल खुसखुसू लागले. धान्य नुसतं हुंगून पारखणाऱ्या वस्तादांचा शब्द म्हणजे या गोदामात काळ्या दगडावरची रेघ. पण आज त्यांना स्वतःचं काही पडलं नव्हतं. हे वास घेणारं यंत्र त्यांच्या लेकीने बनवलं होतं. चांगला दाणा कोणता, कुबट कोणता, हे तिने यंत्राला शिकवलं तेही बापाने गेल्या वर्षी हुंगून निवडलेल्या दाण्यांवरून. आज मालकांना ते पटलं, तर सगळ्या गोदामांत लागणार होतं. नाहीतर पोरीची एवढी मेहनत पाण्यात.

"थांबा, मी बघते." पलीकडे स्क्रीनपाशी उभी असलेली लेक वस्तादांजवळ आली, डब्यावर वाकली आणि थबकली. तिने बापाच्या तोंडाकडे पाहिलं. मग सरळ उभी राहत म्हणाली,

"मालक, यंत्रच चुकतंय. राहू द्या. बाबांचंच बरोबर आहे."

वस्ताद चपापले. ही पोर पत्त्यांत हरली तरी भांडून घर डोक्यावर घ्यायची, आणि आज इतक्या मुकाट्याने? तेवढ्यात त्यांना सकाळ आठवली. 'लेकीचा मोठा दिवस आहे, जरा माणसांत दिसा,' म्हणत बायको इस्त्रीच्या शर्टाशी काहीतरी खुडबुडत होती. त्यांनी कॉलर नाकाशी धरली. खोल श्वास घेतला. काही म्हणजे काही नाही.

"मालक, माझ्या शर्टाला वास येतोय?"

"अहो, केव्हाचा! सेंटची आख्खी बाटली उपडी केलीत की काय? मला वाटलं, लेकीच्या कौतुकात मुद्दाम मारलाय."

"बाबा, जाऊ द्या ना," लेक हळूच म्हणाली.

"का म्हणून जाऊ द्या?" वस्तादांनी हमालांनाही ऐकू जाईल असा आवाज चढवला. "मला नाही आला तो वास. मागच्या महिन्यातल्या तापापासून नाक मेलंय माझं. सर्दी सर्दी म्हणत, नुसता दाणा बघून रेटत होतो. हिच्या यंत्राला मात्र आला! मी बाहेर थांबतो. आता घ्या परीक्षा."

लेकीचे डोळे भरले होते. ते न बघितल्यासारखं करून वस्ताद दाराबाहेर, चांगले लांब जाऊन उभे राहिले.

आता हिरवा दिवा लागला. पुन्हा हिरवा. मग एका पोत्याला लाल. मालक मूठ भरून दाराशी आले.

"वस्ताद, वरून तर सोन्यासारखा दिसतोय. हेही तुम्हीच पास केलेलं. काय करू?"

"मला काय विचारता? ती म्हणतेय ना, खराब आहे म्हणून? ओता खाली."

हमालांनी पोतं ओतलं. मधला गहू काळाहिरवा, ढेकळं झालेला. सगळे नाकं दाबत मागे सरले, मालक तर थेट बाहेरच पळाले.

"खूप घाण वास येतोय का हो?" वस्तादांनी त्यांना हौसेने विचारलं. "अगदी नको नको होतंय ना?"