मास्तरांचा उजवा पाय

"एक सकाळ, बाबा. फक्त एक सकाळ त्याला काहीही शिकवायचं नाही," तळ्याकाठी गाडी थांबली तेव्हा लेकीनं मास्तरांना पुन्हा बजावलं. "तेवढं जमलं तर लग्नाला या. नाही जमलं, तर आम्ही दोघं जाऊन सह्या करून मोकळे होऊ आणि तुम्हाला फोटो पाठवून देऊ."

मास्तरांनी मान डोलावली. लेक म्हणते ते करून दाखवते हे त्यांना माहीत होतं. शेवटी कुणाची लेक!

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. अर्ध्या शहराला स्टिअरिंग धरायला त्यांनी शिकवलेलं. शिकवायच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, पायाशी एक जादाचा ब्रेक असतो त्यावर उजवा पाय ठेवायचा आणि समोरचं काही आवडलं नाही की तो दाबायचा. आयुष्यभर हेच केलं. माणूस जे दिवसभर करतो ते संध्याकाळी घरी घेऊन येतोच. बायकोनं कपाट उघडलं तरी हे खुर्चीत बसून पाय दाबणार आणि म्हणणार, "हळू, हळू!" तिनं कधीच हात टेकले होते.

आणि होणारा जावई? चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवणारा, हळू बोलणारा, हळू चालणारा मुलगा. एके काळी तोही मास्तरांकडे गाडी शिकायला यायचा. प्रत्येक वळणावर त्याच्या हातात गाडी आचका देऊन बंद पडायची. मास्तरांनी त्याचं नाव ठेवलं गोगलगाय. एक दिवस भर चौकात गाडी बंद पडली, मागून हॉर्नचा कल्ला सुरू झाला, तेव्हा मास्तर खिडकीबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गोगलगायीला चाकं लावली म्हणून ती पळत नाही! तू आपला चालत जा बाबा." पोरगा मान खाली घालून उतरला आणि खरंच चालत गेला. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. कॉलेज सुटल्यावर घरी सोडायला म्हणून लेक त्याच गाडीत मागं बसायची ना! मास्तरांचं लक्ष तिन्ही आरशांत असायचं, पण मागच्या सीटवर काय शिजतंय ते त्यांना एकाही आरशात दिसलं नाही.

पुढं तो मागणी घालायला घरी आला, तर मास्तरांनी त्याला बूट कसे काढावेत, कप कसा धरावा आणि सोफ्यावर पाठ कशी ताठ ठेवावी हे सगळं चहा निवायच्या आत शिकवून टाकलं. लेक उठली, त्याचा हात धरला आणि मावशीकडे राहायला निघून गेली. तेव्हापासून घरात शुकशुकाट. आईनं दोघांच्या विनवण्या करून आजची ही सकाळ जुळवून आणली होती. दोन कयाक, म्हणजे दोघांनी वल्हवायच्या चिंचोळ्या नावा, भाड्यानं घ्यायच्या, एकीत मायलेकी, दुसरीत मास्तर आणि गोगलगाय, आणि तळ्याला एक फेरी मारून परत यायचं.

धक्क्यावर नाववाला सगळं समजावून सांगत होता. "पुढचा नुसतं वल्हवणार. मागच्याच्या पायाशी सुकाणूचे दोन पेडल आहेत. उजवा दाबला की नाव उजवीकडे, डावा दाबला की डावीकडे. लक्षात राहील ना?"

मास्तरांनी "हो हो" म्हटलं. ऐकलं मात्र एक अक्षर नाही. त्यांचा जीव अडकला होता समोर. गोगलगायीनं लाइफ जॅकेटचे पट्टे तिरपे लावले होते, वरचा खाली आणि खालचा वर. 'अरे वरचा आधी!' हे शब्द मास्तरांच्या अगदी दातांपर्यंत आले. त्यांनी ते गिळले. लेक बघत होती.

मास्तर मागं बसले. पायाला पेडल लागला तसं त्यांना बरं वाटलं. उजव्या पायाखाली काहीतरी आहे म्हटल्यावर माणूस निर्धास्त.

सुरुवात बरी झाली. पाणी शांत होतं, पुढं पोरगा संथ वल्हं मारत होता, मागं मास्तर. इतक्यात लव्हाळ्यांतून एक मोठा करडा बगळा एकदम फडफडत डोक्यावरून उडाला. मास्तरांचा पाय खटकन दाबला गेला. नाव उजवीकडे वळली ती थेट काठच्या झाडाखाली. त्या झाडावर बगळ्याचं अख्खं गणगोत बसलेलं. सगळे एकदम उठले आणि उठताना अंग हलकं करून गेले. मास्तरांची टोपी, चष्मा, खांदा, काही म्हणता काही सुटलं नाही.

"माझंच चुकलं, सर," पोरगा पुढून म्हणाला. अजूनही सरच म्हणायचा.

"हं," मास्तर म्हणाले. मनात म्हणाले, तुझं नाही तर काय माझं? सरळ तळं, ना ट्रॅफिक ना सिग्नल, आणि याला नाव सरळ ठेवता येत नाही! पण तोंडाला कुलूप. मागच्या नावेतून मायलेकी बघत होत्या. बायको तोंडावर रुमाल धरून हसत होती, लेक हसत नव्हती.

थोडं पुढं पाण्यात एक ओंडका पडलेला. त्यावर कासवं ओळीनं ऊन खात बसलेली. ओंडका उजव्या हाताला, नाव डावीकडून चाललेली, सगळं ठीक. पण मास्तरांना ओंडका दिसला आणि त्यांना वाटलं, पोरगा वेगात आहे. पाय दाबला. नाव जरा वळली. मास्तरांना वाटलं, आता हा ठोकणार! पाय आणखी दाबला. नाव आणखी वळली आणि धाडकन ओंडक्याला भिडली. कासवांनी पटापट पाण्यात उड्या टाकल्या. एक म्हातारं कासव तेवढं गोंधळलं आणि घरंगळत आलं ते थेट मास्तरांच्या मांडीत.

मास्तर ओरडले. कसे ओरडले ते सांगत नाही, त्या माणसाला शहरात मान आहे. पण तळ्यावरच्या सगळ्या नावा थांबल्या, आणि काठावरच्या एका लहान मुलीनं आईला विचारलं की त्या आजींना काय झालं.

पोरानं मागं वळून दोन्ही हातांनी कासव उचललं आणि अलगद पाण्यात सोडलं. "लागलं का, सर? माझंच चुकलं."

मास्तरांचा आता अगदी कडेलोट व्हायची वेळ आली होती. जिभेवर वाक्य तयार होतं, चांगलं लांबलचक, गोगलगायीसकट. त्यांनी मागं पाहिलं. लेक वल्हवायची थांबली होती आणि एकटक त्यांच्या तोंडाकडे बघत होती. लग्नाचा हॉल त्यांच्या डोळ्यांपुढं आला. सगळे नातेवाईक आलेले आणि पुढच्या रांगेत आपली खुर्ची रिकामी.

"असू दे," ते म्हणाले.

मग ती अरुंद वाट आली. दोन्ही बाजूंना उंच लव्हाळी आणि मध्ये दोन नावा जेमतेम जातील एवढं पाणी. तोंडाशी पाटी होती, उजवीकडे घरटं आहे, डावीकडून जा. घरट्यावर मादी बसलेली आणि पुढं पाण्यात नर. राजहंस.

चित्रातला राजहंस कसा असतो? मान वळवून पाण्यात आपलं रूप बघणारा, दूध वेगळं आणि पाणी वेगळं करणारा. याचा विचार काही वेगळाच होता. त्यानं मान मागं ओढली, पंख शिडासारखे उभारले आणि फुसफुसत तो निघाला.

मास्तरांनी पाय दाबला.

पोरगा उजवीकडून जिवाच्या आकांतानं वल्हं मारत होता, नाव डावीकडे वळावी म्हणून. बरोबरच करत होता. मास्तरांना ते दिसत होतं. माणूस बरोबर करतोय आणि नाव उजवीकडेच चाललीय, घरट्याकडे, हे कसं? राजहंसानं पंख आपटले. पाण्याचा सपकारा तोंडावर आला. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं, आणि पाय इतका जोरात दाबला गेला की पोटरीत गोळा आला. कळ मस्तकात गेली म्हणून त्यांनी खाली पाहिलं.

उजवा पाय ताठ. पायाखाली पेडल टोकापर्यंत दाबलेला. पेडलपासून एक तार मागं गेलेली, चांगली ताणलेली. मास्तरांनी मान वळवली. नावेच्या शेपटीला एक पातं होतं आणि ते पार उजवीकडे वळलेलं होतं.

बगळा. ओंडका. ही वाट. सगळं मी!

आणि लगेच, कुणी न विचारता, दुसरी गोष्ट आठवली. गाडी. एकेक वळण, तो पहिल्या गिअरमध्ये अगदी नीट गाडी काढतोय, आणि आपला पाय ब्रेकवर. त्यानं क्लच दाबलेला नाही आणि आपण ब्रेक दाबतोय, मग गाडी आचका देऊन बंद पडणार नाही तर काय होणार? जगाला हे शिकवणाऱ्या माणसाला हे कळू नये? भर चौकात, सगळ्यांसमोर, त्या पोराला खाली उतरवलं. मास्तरांना राजहंसापेक्षाही त्या चौकाची जास्त भीती वाटली.

पाय काढायला हवा होता. पण पाय निघेना! राजहंस हातभर पुढं आला की पाय आपोआप दाबला जायचा. इतक्या वर्षांची सवय ती, मालकाचं ऐकते थोडीच. शेवटी मास्तरांनी वल्हं सोडलं, दोन्ही हातांनी आपलीच उजवी तंगडी धरली आणि उपसून बाहेर काढली. मग डावी. दोन्ही पाय नावेच्या वर, हवेत, पाठ टेकलेली, पाळण्यातल्या बाळासारखे मास्तर पडून राहिले. राजहंसाला बूट दिसला. त्यानं तो पकडला, झटका दिला आणि काढून घेतला.

पातं सैल पडलं. पोरानं आणखी दोन वल्ही मारली आणि नाव शहाण्यासारखी डावीकडे वळली. लव्हाळी घासत ती वाटेतून बाहेर पडली. राजहंस बूट घेऊन बायकोकडे परत गेला.

नाव मोकळ्या पाण्यात आली. मास्तरांचे पाय अजून वरच होते, एकात बूट आणि एकात ओला मोजा.

"ऐक," मास्तर म्हणाले. "आज नाव मी वळवत होतो. आणि तेव्हा... गाडी तू बंद पाडत नव्हतास. मी पाडत होतो. माझा पाय असायचा ब्रेकवर."

"माहीत आहे, सर," पोरगा पुढं बघतच म्हणाला. "मला दिसायचा."

मास्तर ताडकन उठून बसले, नाव हिंदकळली. "दिसायचा? मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुम्ही क्लास बंद केला असता. ती मागं बसायची ना."

"अरे पण आज? आज तरी सांगायचंस! बुडालो असतो की दोघं!"

पोरानं वल्हं मांडीवर ठेवलं आणि मागं वळला. त्याचाही चेहरा पांढराफटक होता आणि कानापासून गळ्यापर्यंत बगळ्यांचा प्रसाद ओघळलेला होता. "कसं सांगणार? तिनं मलाही अट घातलीय. बाबांची एकही चूक दाखवायची नाही. दाखवलीस तर लग्न विसर."

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. या पोरानं भर पाण्यात, राजहंस अंगावर आलेला असताना, तोंडातून ब्र काढला नव्हता. त्यांना हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. त्यांनी तोंडावर पाणी मारून घेतलं.

"मी तुला भर चौकात उतरवलं," ते म्हणाले. "चुकलं माझं."

पोरगा पुन्हा पुढं वळला. वल्हवायला लागला. पण त्याची मान मघापेक्षा ताठ होती.

धक्क्यावर लेक त्यांच्या आधी पोचून उभी होती. बापाकडे न बघता तिनं त्याला विचारलं, "काही शिकवलं बाबांनी?"

"एक शब्दही नाही."

"खरं सांग."

"शपथ. विचार हवं तर."

लेकीनं मास्तरांकडे पाहिलं. टोपीपासून मोज्यापर्यंत सगळा अवतार पाहिला आणि हसू दाबताना तिचा ओठ थरथरला. मास्तर लंगडत गाडीकडे गेले. शिकवायचीच गाडी ती, टपावर लाल अक्षरांची पाटी असलेली. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि पोरापुढं धरली.

"कच्चं लायसन्स आहे का रे अजून?"

"दर वेळी नवं करतो मी," पोरगा म्हणाला. "आशेवर."

मायलेकी मागं बसल्या. पोरगा स्टिअरिंगवर बसला, पट्टा लावला. या वेळी नीट लावला. मास्तर शेजारी येऊन बसले. समोर रस्ता होता, रस्त्यावर उतार होता, आणि उताराच्या तळाशी वळण होतं. त्यांच्या उजव्या पायाला लगेच वळवळ सुटली.

मास्तरांनी बूट काढला. दोन्ही पाय सीटवर घेतले, घट्ट मांडी घातली आणि उजवा पाय डाव्या मांडीखाली दाबून त्यावर बसले.

"चल," ते म्हणाले.