मंद्रूपकर सरांवरचा फिशपॉन्ड

१९७६च्या जानेवारीत देशात सेन्सॉर येऊन सहा-सात महिने झाले होते. आमच्या कॉलेजात तो चौदा वर्षांपासून होता, आणि तो मी होतो.

जानेवारी आला की सोलापुरातल्या कॉलेजांना गॅदरिंगचा ताप चढतो. कुणी पेटी घेऊन बसतं, कुणी नकला करतं. विद्यापीठाच्या स्पर्धेची एकांकिका रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बसवली जाते आणि दरवर्षी दोन चंचुपात्रांचा बळी घेते. पण सगळ्यांना खरी ओढ फिशपॉन्डची. पोरं निनावी चिठ्ठीवर कुणाच्या तरी नावानं टोमणा लिहितात आणि नोटीस बोर्डाजवळच्या बिस्किटांच्या डब्यात टाकतात. गॅदरिंगच्या दुपारी त्या चिठ्ठ्या स्टेजवरून वाचल्या जातात. ज्याचं नाव येईल त्यानं उभं राहून हॉलला नमस्कार करायचा, बाकीच्यांनी शिट्ट्या मारायच्या.

आदल्या दिवशी त्या सगळ्या मी वाचायचो. मी म्हणजे प्रा. कमलाकर मंद्रूपकर, तर्कशास्त्र. चालण्याजोग्या चिठ्ठीवर तांबड्या पेन्सिलीनं खूण करायची, बाकीच्या फाडायच्या. नियम माझेच होते. अश्लील नको, जातीवर नको, आणि प्राध्यापकांच्या घरगुती गोष्टींवर नको.

चौदा वर्षांत सगळ्या स्टाफवर फिशपॉन्ड पडले. शिपाई शिवलिंगप्पावर दरसाल तीन-चार; तो ते पाठ करून घरी बायकोला ऐकवायचा. माझ्यावर एकही नाही. "सेन्सॉरवर कोण लिहिणार?" असं मी स्टाफरूममध्ये म्हणायचो आणि लोक हसायचे. सातव्या वर्षी त्यांनी हसायचं थांबवलं. मी म्हणायचं थांबवलं नाही.

खरं सांगायचं तर मला एकदा उभं राहायचं होतं. एवढंच. नमस्कार कसा करायचा तेही ठरलेलं होतं: अर्धवट उठून, हात छातीपाशी, चेहऱ्यावर 'चालायचंच'.

"मंद्रूपकर, यंदा जरा जपून," प्राचार्य म्हणाले. "दिवस कसे आहेत ते पाहताय ना?"

मी पाहत होतो. संध्याकाळी शिवलिंगप्पानं डबा माझ्या टेबलावर उपडा केला.

"माझं किती हाय बगा की, सर."

मी मोजले. "तीन."

"मागल्या साली चार होतं की!" म्हणत तो नाराज होऊन निघून गेला.

चौसष्टावी चिठ्ठी वहीच्या कागदाची होती. 'खानावळीत दोन ताटं सांगतात. एकात जेवतात, दुसऱ्याशी बोलतात. — प्रा. मंद्रूपकर.'

मी ती दोनदा वाचली. आरोप अर्धाच खरा होता. ताट मी एकच सांगतो.

सोजरबाईंच्या खानावळीत मी अकरा वर्षं जेवत होतो. कोपऱ्यातलं टेबल, भिंतीकडे तोंड. शेंगाचटणी पानात पडली की मी काहीबाही बोलतो. हळूच. ते कुणाच्या लक्षात येत नसणार, असा माझा तर्क होता, आणि मी तर्कशास्त्र शिकवतो. पण कुणीतरी मला जेवताना पाहिलं होतं. एकदा नाही, बरेच दिवस. एवढं एका दिवसात कळत नाही.

तिसऱ्या नियमाप्रमाणे चिठ्ठी बाद होती. मराठीच्या शकुंतलाबाईंच्या सासूवरची गेल्या वर्षी मीच फाडली होती. मग खानावळ ही घरगुती गोष्ट धरावी की नाही, यावर मी वीस मिनिटं विचार केला. घर असतं तर माणूस खानावळीत कशाला गेला असता, असा मुद्दा निघाला. मुद्दा बिनतोड होता. मी तांबडी खूण केली.

चिठ्ठी गठ्ठ्याच्या मधोमध ठेवली. वर ठेवली तर घाई दिसते. तिच्याआधी भूगोलाच्या हत्तुरे सरांवरची, 'नकाशात सापडतात, वर्गात नाही'. तिच्यानंतर शिवलिंगप्पावरची दुसरी.

दुसऱ्या दिवशी मी कोटाला इस्त्री करून गेलो आणि सगळ्यांना दिसेल अशी कडेची खुर्ची धरली. वाचायला विजयमाला होती, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची, करकंबची. तिचा आवाज असा की मधेच माईक बंद पडला तरी हॉलला पत्ता लागला नाही.

हत्तुरे उठले, नमस्कार झाला, शिट्ट्या झाल्या. मी कोटाचं बटण लावलं. विजयमालानं पुढची चिठ्ठी उचलली, वाचली, आणि माझ्याकडे पाहिलं. मी अर्धवट उठलोही. तिनं ती चिठ्ठी गठ्ठ्याखाली सरकवली आणि शिवलिंगप्पावरची वाचली. हॉल नुसता कोसळला.

"ओ सर, बसा की! दिसंना आमाला!" मागून कुणीतरी ओरडलं.

मी बसलो.

एकांकिका सुरू व्हायच्या आधी विजयमाला धावत माझ्या खुर्चीपाशी आली.

"सर, रागवू नका. तुमच्यावर एक हुती. मी वाचली न्हाय."

"का?"

"लई वंगाळ हुती. एकट्या माणसाला आसं लिवत्यात व्हय?"

"तिच्यावर माझी खूण होती."

"तेच की, सर! एवढ्या चिठ्ठ्या वाचून दमला आसाल. नजरचुकीनं झाली आसंल खूण." तिचे डोळे भरून आले होते. "मी फाडून टाकली बगा. आता कुणाच्या दृष्टीस पडायची न्हाय."

"अक्षर कुणाचं होतं, कळलं का?"

"न्हाय. कळलं आसतं तर थोबाडलं आसतं की त्याला!"

"बरं केलंस," मी म्हणालो. चौदा वर्षांत माझं काम इतक्या चोखपणे दुसऱ्या कुणी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खानावळीत खुर्ची फिरवून बसलो.

"मास्तर, आज भिंतीकडं तोंड न्हाय?" सोजरबाईंनी विचारलं.

"नाही. आज दाराकडे."

"ताट एकच न्हवं?"

"एकच."

मी सगळ्या टेबलांवरून नजर फिरवली. आमच्या कॉलेजची पाच-सहा पोरं जेवत होती. खाली माना घालून, भाकरी कुस्करण्यात गुंग. माझ्याकडे कुणीच पाहत नव्हतं. शेंगाचटणी आली. मी थोडी वाट पाहिली आणि मग बोलायला सुरुवात केली, रोजच्यापेक्षा जरा मोठ्यानं.