मातीसकट वाण

साहेब, पिशवी तुमच्या टेबलावर होती आणि तुम्ही ती उघडून बघितली नाही. गुन्हा तेवढाच. पण तो तुमचा आहे, आणि त्याची शिक्षा माझी सासू भोगतेय.

दिवाळी होऊन गेली होती. पिंगळीहून आम्ही दोघी सासू-सुना सकाळच्या गाडीनं परभणीला तुमच्या कृषी कार्यालयात आलो. माझी सासू, कमलबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. मांडीवर पिशवी अशी धरून बसलेल्या, जणू आत तान्हं लेकरू आहे. पिशवीत टमाट्याचं अख्खं झाड, मुळासकट. अंगणात मोरीच्या पाण्यावर लावलेलं. दुपारी मान टाकायचं, संध्याकाळी परत उभं राहायचं, आणि एक दिवस उठलंच नाही. पानं मात्र हिरवीगार. आत्याबाईंना तेच खुपत होतं. वाळून मेलं असतं तर त्या आल्याच नसत्या. हे हिरवंच मेलं होतं.

“किती एकर?” तुम्ही विचारलंत.

“एकर न्हाई साहेब, अंगणातली हायत. चार-सहा झाडं.”

तुम्ही हसलात. शेजारचेही हसले. “चार झाडांसाठी हापिसात? मावशी, बाजारात टमाटे संपले का?”

“मातीत काई हाय का, एवढंच बघा. ह्याच मातीत रोपं टाकायचीत मला. दुसऱ्यायला द्यायचीत.”

“काही नाही मातीत. पाणी कमी पडतंय. टाका खुशाल.”

पिशवीची गाठ सुटायच्या आत तुमचा निकाल लागला होता. बोट मोबाईलवर फिरत होतं. आत्याबाईंनी तुम्हाला हात जोडले. मोठा माणूस म्हणाला म्हणजे खरंच असणार.

ती रोपं कुणाला द्यायची होती, ते तुम्ही विचारलं नाही. आता ऐका.

माझे सासरे मुंजाजी गेले, त्यानंतर आत्याबाईंना गल्लीत कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. बायका वाईट नव्हत्या. विधवेला बोलावत नसतात, म्हणून बोलावलं नाही. आमच्याच घरी हळदीकुंकू असलं की त्या आतल्या खोलीत बसायच्या आणि बायका गेल्यावर बाहेर येऊन ताटं उचलायच्या. मला ते बघवायचं नाही. शेवटी शेजारच्या रोहिणी मॅडमनं, त्या शाळेत शिकवतात, दसऱ्यालाच विषय काढला. “मावशी, येत्या संक्रांतीला वाण तुम्ही लुटायचं. कुंकू मी लावते. बघू कोण काय म्हणतं.”

आत्याबाई कितीतरी दिवस हो म्हणाल्या नाहीत. मग भाकरी थापता थापता एकदा म्हणाल्या, “राजेश्री, टमाट्याचं रोप वाण म्हणून चालंल का गं?”

चाललं. संक्रांतीला गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या. मॅडमनं कुंकू लावलं तेव्हा आत्याबाईंनी डोळे मिटून घेतले. प्रत्येकीच्या ओटीत त्यांनी एक रोप घातलं आणि सोबत कागदाच्या पुडीत आमच्या अंगणातली मूठभर माती. “खड्ड्यात आदी ही टाका. रोपाला माहेरची माती लागती.”

पलीकडच्या घरची शिवकन्या म्हणाली, “काकू, टमाटे लागले की पयली भाजी तुमच्याच घरी खायला येनार.”

“ये की. पन मीठ सोबत आन. तू लय खारट खातीस, आमचं तुला आळणी लागंल.”

सगळ्या हसल्या. आत्याबाई तर पदर तोंडाला लावून हसल्या. त्यानंतर दुपारच्या त्या घरात सापडायच्या नाहीत. कुणीतरी भिंतीवरून हाक मारायचं, “काकू, फूल आलं बघा!” की निघाल्या काठ्या आणि सुतळी घेऊन. एकेकीच्या अंगणात जाऊन झाडं बांधायच्या, चहा पिऊन यायच्या. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून गल्लीची बातमी मी पहिल्यांदा ऐकली.

फाल्गुनात ऊन तापलं. शिवकन्येचं झाड दुपारी मान टाकून उभं. पानं हिरवी. मग दुसरीचं, मग तिसरीचं. टमाट्यावरच भागलं नाही. शेजारची वांगी गेली, मिरची गेली. गावठी मिरची, घरचं बी धरून जपलेली.

एके सकाळी शिवकन्या उपटलेलं झाड घेऊन आली आणि आमच्या ओट्यावर ठेवलं. “काकू, राग धरू नका. तुमचं वाण तुमच्यापाशी.” भांडली असती तर बरं झालं असतं. नळावर मी माझ्या कानानं ऐकलं: “पद्धत उगं न्हाई पडत. त्या हाताचं घ्यायलाच नको व्हतं.”

मी मोबाईलवर माहिती धुंडाळली. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेतलं, त्या झाडाचं खोड कापून पाण्यात लटकवलं. थोड्या वेळानं कापलेल्या टोकातून दुधासारखा बारीक धागा खाली उतरू लागला. मर रोग. मातीतला. औषध नाही. झाड मुळासकट जाळा, तिथं टमाटे, वांगी, मिरची लावू नका आणि ती माती दुसरीकडे नेऊ नका. साहेब, तुमच्या तोंडून एवढंच हवं होतं. ती माती दुसरीकडे नेऊ नका.

ग्लास घेऊन मी तरातरा निघाले. आत्याबाईंनी दारातच हात धरला.

“कुठं निघालीस?”

“दाखवायला. रोग हाय म्हणून. तुमचा हात न्हाई म्हणून.”

“माती कुणाच्या अंगणातली गं?”

मी हात सोडवू लागले.

“पुड्या कुणी बांधल्या?”

त्यांनी ग्लास माझ्या हातातून घेतला आणि चुलीतल्या राखेत रिकामा केला.

चैत्रात रोहिणी मॅडमकडं हळदीकुंकू होतं. बोलवायला स्वतः आल्या. “राजेश्री, संध्याकाळी ये.”

“आणि आत्याबाई?”

मॅडम उंबऱ्याकडं बघत राहिल्या. “बायका ऐकत नाहीत गं. माझा इलाज नाही.”

आतून आवाज आला, “जाय गं तू. मी कैरी किसून देती, रिकाम्या हातानं जाऊ नको.”

मी गेले नाही. आत्याबाई मात्र आतल्या खोलीत जाऊन बसल्या, जुन्या जागी. आता त्या माझ्या नवऱ्याच्या मागं लागल्यात, सगळ्या अंगणात फरशी बसवून घे म्हणून. माती दिसायला नको.

मला तुमची माफी नको. ती आत्याबाईंच्या काही कामाची नाही. त्यांनी विचारलं होतं, मातीत काही आहे का, आणि तुम्ही न बघता नाही म्हणालात. आमच्या गल्लीत या. नळावर बायका असतात तेव्हाच या, आणि ते ‘नाही’ कुणाचं होतं ते त्यांच्या तोंडावर सांगा.

बोला साहेब, कधी येताय?