दुपट्यातली सुई

बसा जरा, चहा उकळतोय तोवर एक गंमत सांगतो. विमानाची हाय, पण उडायच्या आधीची, म्हणजे भ्यायचं कारण नाही.

लोणी काळभोरच्या कौशल्याबाई. त्यांची लेक दीक्षा बंगळुरूला, जावई प्रज्ञेशसंगं. पोरांनी दोन्ही आयांना विमानाची तिकिटं पाठवली. दुसरी आई म्हणजे विहीणबाई, विश्रांतवाडीच्या विमलाबाई. सरकारी कचेरीतून रिटायर झालेल्या. तोंड असं, की साहेबसुद्धा बिचकत बिचकत रजा टाकायचा.

आता आतली गोष्ट. दीक्षाला दिवस गेले होते. आईला तिनं फोनवर सांगितलं आणि लगेच शपथ घातली, "सासूबाईंना तू काही सांगायचं नाहीस. मी समोर बसवून माझ्या तोंडानं सांगणार." त्याला कारण होतं. मागच्या खेपेला बातमी पेढ्यांच्या आधी गावभर पोचली, आणि पुढं ते बाळ काही राहिलं नाही. मग जो तो सांत्वनाला फोन करतोय. पोरीनं फोन उचलणंच सोडलं होतं. कौशल्याबाईंनी तेव्हा मनाशी ठरवलं, पुन्हा असं पोरीच्या वाट्याला नको.

म्हणून त्यांनी ओठ शिवले. पण हात कसे गप बसणार? जुन्या मऊ लुगड्याचं दुपटं शिवायला घेतलं. शिवता शिवता सुई कुठं गेली कळंना. घरभर धुंडाळली. नवऱ्याला, उत्तरेश्वररावांना, घरातसुद्धा चपला घालून फिरायला लावलं. सुई काही घावली नाही. दुसऱ्या सुईनं दुपटं पुरं केलं आणि पिशवीच्या तळाशी घातलं, वर भाकरीचं फडकं.

लोहगावला विमानतळावर तपासणीत पिशवी पट्ट्यावरून मशिनीत गेली आणि आतच अडकली. मशीनवरच्या माणसानं हाक दिली,

"ही बॅग कुणाची? आत लांब, टोकदार काहीतरी दिसतंय. उघडा."

कौशल्याबाईंनी वळून बघितलं. मागं बायकांच्या रांगेत विमलाबाई मान लांब करून बघतायत. बाजूला हिंजवडीचा एक पोरगा लॅपटॉप ट्रेमध्ये धरून कुरकुरला, "काकू, प्लीज फास्ट करा ना!"

विमलाबाई म्हणाल्या, "फास्ट व्हायचं होतं तर हिंजवडीतून काल निघायचं."

पोरग्यानं ट्रे खाली ठेवला. पण पिशवी तर उघडायचीच होती. वर्दीतली एक पोरगी पुढं आली. जया तिचं नाव, वर्ध्याकडची. "काहून घाबरून राह्यल्या काकू?"

कौशल्याबाई तिच्या कानाशी लागल्या, "बाई, काय पायजे ते काढून घे, पण हितं उघडू नगं. मागं माझी विहीण हाय."

"विहिणीले काहून भेता? काय हाय आत?"

"बाळाचं हाय. अजून सांगितलं न्हाई कुणाला."

जयानं त्यांच्याकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं. म्हणाली, "उघडावं तर लागंलच. तिथं माफी नाही. पण चौकात उघडा असं मले कोनी सांगतलं नाही."

तिनं स्वतः पिशवी उचलली आणि बायकांच्या तपासणीचा पडदा असतो ना, त्याच्या आड नेली. दुपटं पसरलं. हातातलं यंत्र फिरवलं. एका कोपऱ्याशी आलं आणि कुईं! दोन थरांच्या मधी, तांबडा दोरा अजून नाकात, सुई.

"अगं बया! हितं होतीस व्हय भवानी!"

"पोराले टोचली असती, काकू."

कौशल्याबाईंनी दुपट्याचा तो कोपरा पुन्हा चाचपला. त्यांनी त्या यंत्राला मनातल्या मनात हात जोडले. सुई जयाकडं ठेवून दिली.

एवढ्यात पलीकडच्या पडद्याआड विमलाबाईंचा आवाज. "गुडघ्यात रॉड आहे माझ्या. म्हणून वाजतंय."

"मावशी, मशीन कमरेपाशी वाजतंय."

"मग सरकला असेल रॉड."

"कनवटीला काय आहे ते काढा."

आणि मग, छुन् छुन्.

कौशल्याबाईंचा हात दुपट्यावरच थांबला. असा आवाज दुसऱ्या कशाचा नसतो. चांदीचे वाळे, तान्ह्या बाळाचे!

दोघी आपापल्या पडद्यातून एकदमच बाहेर. एकीच्या पिशवीतून दुपट्याचं टोक लोंबतंय, दुसरीची कंबर वाजतीये.

"ताई, कमरेला घुंगरं कसली हो?" कौशल्याबाई.

"तुमच्या भाकरीला अंथरूण लागतं वाटतं?" विमलाबाई.

 मग विमलाबाईंनाच आधी हसू फुटलं. "प्रज्ञेशच्या पोटात काही राहतं का? रडत फोन केला मला. म्हणाला, दीक्षाच्या आईंना कळू देऊ नकोस, ती स्वतः सांगणार आहे." आणि त्यांनी विहिणीचा हात घट्ट धरला. "अहो, मागच्या वेळी मीच सगळीकडे बोलले होते हो. या वेळी जीभ चावून बसलेय."

जया मागून म्हणाली, "पडदा आमी लावला होता हं. उघडला तुमीच!"

विमानात दोघींनी तालीम केली. तोंडावर हात कधी ठेवायचा, डोळ्यांत पाणी कुणी आधी आणायचं. दीक्षानं बातमी सांगितली तेव्हा दोघी अशा उडाल्या, की पोरीला खरंच वाटलं. किती दिवसांनी मोकळी हसली ती!

म्हणून तुम्हाला एक विनंती. दीक्षा पुढच्या आठवड्यात इकडं येतीये, इथंही चहाला येईल. तुम्हाला सांगायला लागली, तर कप खाली ठेवा, डोळे मोठे करा आणि म्हणा, "काय सांगतेस!" एवढं कराल ना?