कस्तुराबाईंच्या नातीचं वजन

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो. किराणा दुकानातला नव्हे. साखर, शेंगदाणे असल्या गोष्टी मी जन्मात तोलल्या नाहीत. मी लेकरं तोलली. भिंतीवरच्या घड्याळासारखं माझं गोल तोंड, वर टांगायला कडी, खाली हूक आणि हुकाला कापडी झोळी. झोळीत लेकरू बसवलं की माझा काटा थरथरतो आणि खऱ्या आकड्यावर येऊन थांबतो. आमच्या जातीत खोटेपणाला जागा नाही. पंचवीस किलोपर्यंत मला सगळं कळतं, त्यापुढचं काही कळत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या सगळ्या दुःखाचं मूळ तिथंच आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी पिवळाधमक होतो. खोक्यात बसून, बैलगाडीचे धक्के खात मी लातूर जिल्ह्यातल्या एका गावाच्या अंगणवाडीत आलो. तिथं सिंधुताई सेविका होत्या आणि जगदेवी मदतनीस. महिन्यातून एकदा माझा दिवस असे. सिंधुताई मला आढ्याला टांगत, आधी काटा शून्यावर आणत, मग एकेक लेकरू झोळीत घालत आणि आकडा तक्त्यावर मांडत. तक्त्यावरची रेघ वर चढली की त्यांचा चेहरा खुले. ती आडवी झाली किंवा खाली वळली की त्या पदर खोचून थेट त्या लेकराच्या घरी जात. त्या दिवसांत माझा मोठा मान होता, आणि मलाही तो आवडत होता. नाकारून काय करू?

त्र्याण्णव सालच्या सप्टेंबरात, गणपती बुडवल्याच्या दुसऱ्या पहाटे, जमीन हलली. आमच्याकडची घरं दगडमातीची, भिंती हातभर रुंद. उन्हाळ्यात गार म्हणून लोक त्यांचं कौतुक करायचे. त्याच भिंतींनी माणसं गाडली. मीही सहा दिवस मातीखाली होतो. जगदेवीला माझी झोळी ढिगाऱ्यातून बाहेर लोंबताना दिसली, म्हणून मी वाचलो. माझी काच तडकली, पण काटा शाबूत राहिला. ज्या लेकरांना मी महिन्याच्या महिन्याला तोललं होतं, त्यांतली अकरा त्या पहाटे गेली. प्रत्येकाचं शेवटचं वजन मला आजही पाठ आहे.

वाचलेल्यांत कस्तुराबाईंची नात होती, ऋतुजा. तिची आई तिच्या अंगावर ओणवी पडली होती, म्हणून ती राहिली. आई राहिली नाही. बाप दयानंद नांदेडकडं, लोह्याच्या शाळेत मास्तर होता, म्हणून तो वाचला. सव्वा वर्षाची पोर कस्तुराबाईंच्या कडेवर आली आणि पत्र्याच्या शेडमधला त्यांचा संसार सुरू झाला.

सिंधुताईंनी शेडमध्येच अंगणवाडी मांडली आणि मला लोखंडी नळीला टांगलं. सगळ्या बाया लेकरं घेऊन आल्या, कस्तुराबाई तेवढ्या आल्या नाहीत. शेवटी सिंधुताईच त्यांच्या दारात गेल्या.

"मावशी, पोरीचं वजन करू द्या."

"न्हाई करायचं," कस्तुराबाई म्हणाल्या. "चार बायांत लेकरू उघडं करायचं, त्येचा आकडा घ्यायचा, की लागलीच नजर. घरात येवढी येकच पणती ऱ्हायलीय माझ्या."

आता काय म्हणावं! नजर लागते म्हणून माझ्याकडं पाठ फिरवणारी ही पहिली बाई नव्हती. मला मात्र राग आला. मी लेकराचं काय वाकडं करणार? पण सिंधुताई रागावल्या नाहीत. त्यांनी कस्तुराबाईंना बाजूला घेतलं.

"आसं करू. काट्याचं तोंड पत्र्याकडं फिरवते. आकडा मी येकटीच बघते. तोंडानं बोलणार न्हाई. तुमच्या मायेची शपथ."

आणि तसंच झालं. मला उलटं टांगलं, माझं तोंड पत्र्याला जवळजवळ टेकलं. सिंधुताई पत्रा आणि मी यांच्यातल्या फटीत मान घालून वाकड्या झाल्या. झोळीत पोर बसली, पण झोळी ताणलीसुद्धा नाही. सहा किलो दोनशे. सव्वा वर्षाच्या पोरीचं वजन! सिंधुताईंनी आकडा गिळला आणि मान बाहेर काढून त्या एवढंच म्हणाल्या, "मावशी, उद्यापासून हिला दिवसातनं पाच येळा खाऊ घालायचं. मी समोर बसते."

त्या खरंच समोर बसत. अंगणवाडीच्या पाकिटातली सुकडी दुधात कालवून, केळं कुस्करून, वरणाला तेलाची धार लावून. मधेच पोरीला हगवण लागली तेव्हा सिंधुताईंनी तिला एसटीनं लातूरला सरकारी दवाखान्यात नेलं. महिन्यामागून महिने मी पत्र्याकडं तोंड करून तिला तोलत राहिलो. सात, साडेसात, आठ किलो तीनशे. ज्या दिवशी रेघ धोक्याच्या पट्ट्यातून वर निघाली, त्या दिवशी सिंधुताई फटीतून मान काढून रडायला लागल्या. कस्तुराबाई घाबरल्या. "काय झालं गं?" "काही न्हाई मावशी, चांगलं झालं." इतकं सुख मला पुन्हा कधी मिळालं नाही.

पुढं नवं गाव वसलं. सिमेंटची घरं, सरळ रस्ते, आणि बस थांब्यासमोर अंगणवाडीची खोली. ऋतुजा सहा वर्षांची झाली तेव्हा सोळा किलो चारशे भरली. सिंधुताईंनी वहीत तिच्या नावापुढं लिहिलं, 'शाळेत दाखल', आणि खाली रेघ मारली. आमच्याकडची रीतच तशी आहे. सहा वर्षं झाली की लेकरू आमचं राहत नाही. त्याला कुणाच्या हाती सोपवलं, हे मात्र वहीत लिहायला जागा नाही.

ऋतुजा हुशार निघाली. दहावीला ब्याण्णव टक्के पडले. तेव्हा घरोघर एकच बोलणं होतं, लातूर. लातूरला शिकवणी लावली की पोरगी डॉक्टर झालीच, असा लोकांचा समज होता. दयानंद मास्तरांनी तिला लातूरला खोली करून दिली. एका खोलीत चार मुली, डबा मेसचा, पहाटेपासून शिकवणी. आठवड्याला परीक्षा, आणि परीक्षेनंतर भिंतीवर नंबरांची यादी. हे सगळं मी बायांच्या तोंडून ऐकत होतो. खिडकीजवळ टांगलेल्या काट्याला दुसरं काय काम असतं?

बारावीच्या वर्षी दिवाळीला ती आली. बसमधून उतरली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. गालफडं बसलेली, ओढणीखाली गळ्याची हाडं वर आलेली. सिंधुताईंना भेटायला ती अंगणवाडीत आली, बरोबर बाप, आजी आणि शेजारची मल्लम्मा. मल्लम्मानं हनुवटीला हात लावला.

"किती वाळलीस गं माय! लई अभ्यास करायलीस दिसतंय."

मित्रांनो, हे ती कौतुकानं म्हणाली. आमच्याकडं शिकणारं पोर वाळलं की गाव खूश होतं. जाडजूड राहिलं तर म्हणतात, बापाच्या पैशावर मजा मारतंय. आणि कस्तुराबाई! ज्यांनी नातीचं वजन पत्र्याशिवाय कुणाला दिसू दिलं नाही, त्या अभिमानानं म्हणाल्या, "अन्नपाणी सोडलंय पोरीनं अभ्यासापायी. डब्बा तसाच परत जातो म्हन."

सिंधुताईंनी पोरीचा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. "अंग कढत हाय की. ताप हाय का गं?"

"संध्याकाळी येतो थोडा. गोळी घेते ना ताई," ऋतुजा म्हणाली आणि खोकली.

"खोकला कधीपासून?"

"पोळा झाल्यापासून."

"मास्तर, हिला दाखवा," सिंधुताई म्हणाल्या.

दयानंद वाईट माणूस नव्हता. बायको गेल्यावर त्यानं दुसरं लग्न केलं नाही, पोरीसाठी जगला. पण तो म्हणाला, "ताई, चार महिन्यांचा तर प्रश्न हाय. आत्ता दवाखान्याच्या चकरा सुरू झाल्या की नंबर खाली जातोय. परीक्षा झाली की नांदेडला मोठ्या डॉक्टरला दाखवतो."

सिंधुताईंनी पोरीचा हात सोडला. बाप शिकलेला, मास्तर. पोरगी सतरा वर्षांची, त्यांच्या वहीतली नाही. मी वरून तडफडत होतो. माझी झोळी त्या पोरीच्या खांद्यापर्यंत लोंबत होती आणि तिला तोलण्याची ताकद माझ्यात नव्हती. जन्मात पहिल्यांदा मला माझ्या पंचवीस किलोंची लाज वाटली.

भाऊबीज झाली आणि ऋतुजा लातूरला परत गेली. जानेवारीत तिच्या खोलीतल्या मुलीचा फोन आला, खोकताना रक्त पडलं म्हणून. क्षय दोन्ही फुप्फुसांत पसरला होता. लवकर आणलं असतं तर सहा महिन्यांच्या गोळ्यांनी पोर बरी झाली असती, असं डॉक्टरांनी दयानंदला सांगितलं. औषधं सुरू झाली, पण अंगात ती पेलण्याइतकं काही उरलंच नव्हतं. बारावीचं हॉल तिकीट आलं, त्याच्या चौथ्या दिवशी ती गेली. भूकंपानं जिला सोडलं होतं ती पोर चार महिने थांबण्यापायी गेली.

दिवसकार्य झाल्यावर कस्तुराबाई अंगणवाडीत आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या.

"सिंधू, तुझ्या वहीत तिचं वजन हाय न्हवं? वाच."

सिंधुताईंनी पेटीतून जुनी वही काढली आणि वाचू लागल्या. सहा किलो दोनशे. सहा किलो सातशे. सात किलो. प्रत्येक आकड्याला म्हातारी मान हलवत होती, जणू तो आत्ताच तिच्या कडेवर येऊन बसला. सोळा किलो चारशेवर सिंधुताई थांबल्या.

"फुडं?"

"फुडं न्हाई, मावशी. सहा वर्साच्या फुडं आमच्याकडं लिहीत न्हाईत."

"मग कुणाकडं लिहितेत?"

सिंधुताईंनी वही मिटून पेटीत ठेवली. सहा वर्षांपुढची वही मी तरी आजवर पाहिलेली नाही.

आता अंगणवाडीत नवा काटा आला आहे, आकडे उजळणारा. मी खिडकीजवळच्या खिळ्यावर धूळ खात असतो. समोर बस थांबा दिसतो. दर दिवाळीला लातूरहून पोरं यायला लागली की कस्तुराबाई थांब्यावर पोतं टाकून बसतात. उतरणाऱ्या प्रत्येक पोराला हाक मारतात, कपाळाला हात लावतात आणि विचारतात, "ताप येतो का? भूक लागती का?" पोरं हसतात. काही म्हणतात, म्हातारीचं डोकं फिरलं.

मागं एका दिवाळीत आमच्या गावच्या भीमाशंकरची लेक विशाखा उतरली. थांब्यावर कुणीतरी म्हणालं, "वा, काय वाळलीय पोरगी!"

"वाळली म्हनू नका रे!" कस्तुराबाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की बसच्या ड्रायव्हरनं मागं वळून पाहिलं. त्यांनी पोरीचं मनगट धरलं. "खोकला किती दिस झाला?"

"महिना झाला आज्जे. पण सोमवारी टेस्ट हाय."

भीमाशंकर मधे पडला. "सोड आज्जी, पोरीचं वरीस वाया जाईल."

"वरीस फुडल्या साली पुन्हा येतंय, भीमा." कस्तुराबाईंनी हात सोडला नाही. पोरीला तशीच, बॅगेसकट, रिक्षात बसवली आणि सरकारी दवाखान्यात नेली.

विशाखाचं ते वर्ष वाया गेलं. सहा महिने तिनं क्षयाच्या गोळ्या खाल्ल्या, घरी राहिली, भाकरी खाल्ली, आणि पुढच्या वर्षी ती परीक्षेला बसली.

मित्रांनो, माझे आता फार दिवस उरलेले नाहीत. भंगारवाला दोनदा येऊन बघून गेला आहे. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो. रोज संध्याकाळी अंग कढत होत असेल, अन्न नको होत असेल, खोकला राहत नसेल, तर परीक्षा होईपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. आणि एखादं मोठं माणूस तुम्हाला बघून 'वा, किती वाळलास' असं म्हणालं, तर लाजून हसू नका. त्याचा हात धरा आणि म्हणा, मला दवाखान्यात घेऊन चला.