खोलीभर कापूस

माझं लग्न मे महिन्यात झालं आणि नोव्हेंबरात माझ्या खोलीत कापूस भरला. मधले सहा महिने मी त्या खोलीत नवऱ्यासोबत राहत होते, हे आता माझं मलाच खरं वाटेनासं झालं होतं.

माहेर माझं सिंदी मेघेचं, शहराला लागूनच. तिथे कापूस म्हणजे देवाच्या वातीपुरता. सासरी अल्लीपूरला आल्यावर कळलं, की चांगल्या भावाची वाट पाहायची तर इथे कापूस घरातच ठेवतात, आणि घरातली सगळ्यात कोरडी खोली त्याला देतात. आमच्या घरात सगळ्यात कोरडी खोली आमचीच होती. लग्नासाठी नवी बांधलेली, वर स्लॅब टाकलेली. माझे सासरे तानबाजी, त्यांना मी मामाजी म्हणते, ते दोन दिवस येता-जाता त्या खोलीत डोकावत होते. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

पंचवीस क्विंटल कापूस पायांनी तुडवून तुडवून छतापर्यंत भरला. भरताना दाराची कडी निखळली, ती कुणी परत लावली नाही, कारण दार लागण्याचा प्रश्नच उरला नव्हता. माझं कपाट मागच्या भिंतीला होतं, ते कापसाच्या पोटात गेलं. बाहेर राहिलेल्या चार साड्या मी आळीपाळीने नेसू लागले. मी स्वयंपाकघरात सासूबाईंजवळ झोपायची आणि माझा नवरा धीरज ओसरीवर, बापाच्या घोरण्याशेजारी. तो सेलू रस्त्यावरच्या मोबाईलच्या दुकानात कामाला, रात्री नऊला येणार आणि सकाळी आठला जाणार. आम्ही बोलायचो ते फोनवर. एका घरात राहून!

मला राग यायचा. पण सासऱ्यांना सांगायचं काय? "मामाजी, मला आणि तुमच्या मुलाला एक खोली हवी," हे वाक्य मी वीस वेळा मनात जुळवलं आणि वीस वेळा लाजून गिळलं. धीरजला म्हटलं, तू बोल. तो म्हणाला, "मी? बाबाले? पागल झाली का तू?" सासूबाई, कौशल्याबाई, त्यांचा नवऱ्यापुढे आवाज फुटत नाही असं मुळीच नाही, पण त्यांच्याही लग्नाच्या पहिल्या वर्षी खोलीत कापूसच होता म्हणे. त्यांना त्यात वेगळं काही दिसतच नव्हतं.

राहिला एकच मार्ग, भाव. मामाजींनी चौकात दहा माणसांसमोर सांगून टाकलं होतं, की आठ हजाराखाली कापूस देणार नाही. म्हणजे कापसाला क्विंटलमागे आठ हजार मिळाले, तर मला माझी खोली मिळणार. अख्ख्या तालुक्यात कापसाच्या भावाकडे माझ्याइतकं डोळे लावून कुणी व्यापारीही बसला नसेल.

बाजार समितीचा मेसेज दुपारी तीनला माझ्या फोनवर यायचा. मामाजींचा फोन बटणांचा, म्हणून चार वाजता चहा देताना भाव मीच वाचून दाखवायची. डिसेंबरात सात हजार शंभर होता. मग दोनशे, मग चारशे. चढला की मामाजी म्हणायचे, "चढून राह्यला, थांबू अजून." पडला की म्हणायचे, "वापस येईन तवा पाहू." म्हणजे चढला तरी थांबायचं आणि पडला तरी थांबायचं. सात हजार सातशेला मी आशेने त्यांच्या तोंडाकडे बघितलं, तर ते बशीतला चहा फुंकत होते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझी काळी साडी कपाटात, कपाट कापसात. मी लग्नातली हिरवीच नेसून गेले. शेजारच्या यशोदाबाईंनी सगळ्या बायांसमोर विचारलं, "काव हर्षा, तुयी खोली कितीवर आली आज?" बाया पोट धरून हसल्या. मीही हसले. घरी येऊन मात्र भांडी इतकी आपटली, की सासूबाईंनी विचारलं, कुणाशी भांडण झालं.

त्याच रात्री मला सोयाबीन आठवलं. ऑक्टोबरात सोयाबीनचा भाव ओळीने तीन दिवस पडला होता आणि चौथ्या दिवशी सकाळी मामाजींनी घाबरून सगळी पोती गाडीत घातली होती. हा माणूस चढत्या भावाला विकत नाही, एका दिवसाच्या पडीलाही विकत नाही. तीन दिवसांची सलग पड मात्र त्यांना सोसत नाही.

दुसऱ्या दिवशी मेसेजमध्ये सात हजार आठशे दहा होता. मी वाचला सात हजार सहाशे चाळीस.

जीभ जरा अडखळली, पण निघून गेलं. लोक "आठ हजार, ओ आठ हजार" म्हणून चिडवतात, या कारणाने मामाजींनी चौकात बसणं सोडलं होतं, त्यामुळे खरा भाव त्यांना कळेल अशी मला भीती नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि चहा प्यायले. त्याच्या दुसऱ्या दिवशी खरा भाव तीसने चढला, मी दीडशेच्या वर पाडला. तिसऱ्या दिवशी खरा सात हजार आठशे सत्तर होता. मी सात हजार तीनशे दहा वाचला आणि पदराने कपाळ पुसलं.

मामाजींनी चहा संपवला. मग कप खाली ठेवून म्हणाले, "रोशनले फोन लाव. सकाळी मेटाडोर घेऊन येजो म्हणा."

सकाळी सातपासून कापूस निघू लागला. दहाच्या सुमारास मला माझ्या खोलीची फरशी दिसली, अकराला कपाट दिसलं. मी कपाटाला हात लावून उभी राहिले आणि डोळ्यांत पाणी आलं. बाहेर मेटाडोर सुरू झाली, मामाजी पुढे रोशनच्या शेजारी बसले, गाडी हिंगणघाटच्या बाजार समितीच्या रस्त्याला लागली. आणि तेव्हा कुठे मला आठवलं.

तिथे तर लिलाव होतो! गाडीपुढे उभं राहून व्यापारी ओरडून बोली लावतात. मामाजींच्या कानावर खरा भाव पडणारच होता, आजचा आणि कालपरवाचाही. खोलीच्या नादात मी इतका साधा विचार केला नव्हता. दोन महिने ज्या माणसाने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, त्याला मी सलग तीन दिवस फसवलं होतं. आता ते मला काय म्हणणार? माझ्या वडिलांना फोन करून सांगतील का, की तुमची मुलगी खोटारडी निघाली? मी धीरजला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मले काही मालूम नाई. मले यात पाडू नको." इतका राग मला त्या कापसाचाही कधी आला नव्हता.

दुपारी तीनला मेसेज आला. मी तो उघडला नाही. खोली दोनदा झाडली, फरशी तीनदा पुसली. सासूबाई म्हणाल्या, "अवो, झिजून जाईन ते."

सहाला मामाजी आले. हातपाय धुतले, पाणी प्यायले, ओसरीवर बसले. मी चहा ठेवला आणि आत वळणार, तेवढ्यात ते म्हणाले, "हर्षा, आजचा भाव नाई वाचला तू."

मी फोन घेतला. मेसेज उघडला. "कमीत कमी सात हजार चारशे," मी म्हणाले, "जास्तीत जास्त सात हजार आठशे नव्वद."

"बरोबर. मले सात हजार आठशे साठ भेटला."

आता मात्र मला राहवेना. "मामाजी, मी तीन दिवस खोटा भाव वाचला. तुम्ही कापूस विकावा म्हणून."

"मालूम हाय मले."

मी हातातला फोन खाली ठेवला.

"रोज सकाळ-सांज दूध घेऊन डेअरीत कोन जाते?" मामाजी म्हणाले. "डेअरीच्या भिंतीलेच खतवाल्या बंडूजीची पाटी हाय. खत घ्याले येनाऱ्या लोकायसाठी तो रोज भाव लिहिते त्याच्यावर. पयल्या दिवशी वाटलं, तुया वाचन्यात चूक झाली. दुसऱ्या दिवशी वाटलं, मोबाईलची चूक असन. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पाटीपाशी उभा राह्यलो, अन् मंग घरी येऊन त्या खोलीकडं पाह्यलं." त्यांनी बशीत चहा ओतला. "काऊन नाई सांगतलं पोरी, सरळ?"

मी मान खाली घातली. मग बहुतेक त्यांनाही उमगलं, की हे सरळ कसं सांगणार, कारण ते स्वतःच लाजले आणि अंगणातल्या गाईकडे बघू लागले.

"मायाच ध्यानात याले पायजे होतं," ते गाईलाच म्हणाले. "पोरगा तं माया मुकाच हाय."

माझा जीव भांड्यात पडला. इतकं हलकं मला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं. "पण तुमचं ते आठ हजाराचं?" मी विचारलं. "चौकात लोक काय म्हणतील?"

"सांगून देल्लं मी. सून म्हनते भाव पडला, अन् तिच्यापुढं माया चालत नाई."

आतून सासूबाई हसल्या. त्या दाराआड उभ्या होत्या आणि सगळं ऐकत होत्या.

नऊला धीरज आला, चोरासारखा, चपला हातात घेऊन. मामाजींनी त्याला जवळ बोलावलं आणि सदऱ्याच्या खिशातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून त्याच्या हातावर ठेवलं. धीरजने कागद उलगडला. नवी कडी होती आणि चार स्क्रू.

"हिंगनघाटवरून आनली," मामाजी म्हणाले. "जेवाच्या आधी लावून घे." आणि आमच्या कुणाच्याही तोंडाकडे न बघता ते गाईला चारा टाकायला गेले.

आठव्या दिवशी कापूस आठ हजार वीसवर गेला. मेसेज मी दोनदा वाचला. क्षणभर वाटलं, आज पुन्हा जरा खाली वाचावं, त्यांना वाईट नको वाटायला. पण मी चहा घेऊन गेले आणि आहे तसा वाचला.

"आठ हजार वीस," मामाजी हळूच म्हणाले. "खरा हाय ना?"

"खरा आहे मामाजी."

त्यांनी चहा संपवला, कप माझ्या हातात दिला आणि विचारलं, "कडी बरोबर लागते ना?"