अ‍ॅटर्नी जनरलची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. ओकच्या लाकडाची, काळ्या चामड्याच्या गादीची. सध्या माझा मुक्काम कतारमध्ये आहे; पण जन्म अमेरिकेतल्या एका राज्यातला, तोही तुरुंगाच्या सुतारशाळेत. जोनास बेल नावाच्या कैद्याने मला घडवले आणि बैठकीच्या खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असे, स्वतःचे नाव कोरले.

तिथून मी त्या राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या कचेरीत गेले. अ‍ॅटर्नी जनरल म्हणजे राज्याचा सर्वांत मोठा सरकारी वकील. केवढा अभिमान वाटला होता मला! तो जेमतेम आठवडाभर टिकला. तिथले अ‍ॅटर्नी जनरल हॅलोवेसाहेब न्यायावर भाषण करू लागले की लोकांचे डोळे भरून येत. मला मात्र त्यांची दुसरी बाजूच ठाऊक होती. नकोसा कागद आला की ते तो माझ्या गादीखाली सरकवत आणि वर बसत. एकदा जोनासचेच पत्र आले. त्याच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्याने ‘मी खोटे बोललो’ असे लिहून दिले होते. साहेब त्या पत्रावर अकरा महिने बसले. जोनास तुरुंगातच वारला. मग साहेबांनी पत्र काढून फाडले आणि सँडविच मागवले. अशा क्षुद्र माणसाला मी पाठ टेकू दिली, याची मला अजून शिसारी येते.

निवृत्त झाल्यावर त्यांनी कतारमधल्या लुसैल शहरात कायदा-सल्ल्याचे दुकान थाटले आणि मलाही सोबत आणले. टेबलावर ‘माजी अ‍ॅटर्नी जनरल’ अशी पितळी पाटी. ती ते रोज स्वतःच्या रुमालाने पुसत. दुसरे कुठलेही काम त्यांनी इतक्या मनापासून केलेले मी पाहिले नाही.

मागच्या वर्षी एका कंपनीची क्रेन घसरली आणि एक कामगार दगावला. कंपनीने दोष क्रेन चालवणाऱ्या मच्छिंद्रवर ढकलला आणि चौकशी आमच्या साहेबांकडे सोपवली. मच्छिंद्रला तुरुंग दिसू लागला. तो साहेबांच्या मदतनीस भैरवीकडे आला.

“भैरवीताई, ब्रेक लागत नाही म्हणून मी दोन दिवस आधी लिहून दिलं होतं. सुपरवायझरची सही पण हाय त्यावर. तो कागद गेला कुठं?”

“दादा, मी स्वतः साहेबांच्या टेबलवर ठेवला होता. थांबा, विचारते.”

साहेबांनी मान वर न करता सांगितले, “नो सच पेपर, भैरवी. फाइल क्लोज्ड. खलास.”

कागद त्यांच्याखालीच होता.

मी पडले लाकूड. माझ्या ताब्यात होती फक्त एक शिवण, जोनासने घातलेली. ती मी सोडून दिली. साहेब जेवायला गेले तेव्हा सफाई करणाऱ्या फरजानाने लोंबणारी गादी उचलली.

“दीदी, ये कागज आपका है क्या?”

भैरवीने तो वाचला आणि साहेबांची वाट न बघता ती थेट पोलिसांकडे गेली.

मच्छिंद्र सुटला. साहेब प्रकृतीचे कारण सांगून अमेरिकेला पळाले. जाताना पाटी तेवढी न विसरता नेली.

दुकानातले सामान मोडीत निघाले, तेव्हा मला मच्छिंद्रने उम्म सलाल मोहम्मद नावाच्या गावात आपल्या खोलीवर नेले. शिवण घालायला त्याने मला उलटे केले आणि एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचले, “जोनास... बेल.” इतकी बडी माणसे माझ्यावर बसून गेली, पण हे नाव कुणाच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले.

“ज्यानं बनवली त्याचं असंल,” तो म्हणाला आणि त्याने ओल्या फडक्याने ती अक्षरे पुसून स्वच्छ केली.

मित्रांनो, खुर्च्यांची निगा राखा. पण नुसत्या वरून पुसू नका. अधूनमधून उलट्याही करून बघा.